कोणते राऊत?

आमच्या सिंदीच्या घरी ओसरीवर कोणी नवखा माणूस येऊन बसला की आई पाणी आणायच्या आधी त्याला आडनाव विचारायची, आणि आडनाव कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "भगत? कोन्ते भगत?" आमच्याकडे एकच आडनाव चार-चार जातींत चालतं, त्यामुळे हा प्रश्न आईच्या दृष्टीनं अगदी कामाचा होता. समोरचा गाव सांगायचा, आई मामाचं गाव विचारायची, मग घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे ते विचारायची, आणि एवढ्यात तिचं काम व्हायचं. त्यानंतर एक तर घासलेल्या गडव्यातून पाणी यायचं आणि पाठोपाठ स्टीलच्या पेल्यात चहा, किंवा न्हाणीच्या भिंतीवर पालथा ठेवलेला कड उडालेला कप खाली यायचा. तो कप ज्यानं प्यायचा त्यानंच विसळायचा आणि होता तिथे पालथा घालायचा. कापूस वेचायला येणाऱ्या बायांनाही तो माहीत होता. त्यांना सांगावं लागत नसे. सिंदीत मालगाड्या दिवसभर जातात आणि घरातल्या कोणाला त्या ऐकू येत नाहीत. तो कप मला तसाच होता, डोळ्यांपुढे होता आणि दिसत नव्हता. जिनिंगची घरघर, तुळशीवर बसलेले कापसाचे तंतू, रविवारचा वडाभात, त्यावर आई ओतायची ते हिंग-मोहरीचं कडकडीत तेल, हे सगळं मी आजवर कितीतरी जणांना रंगवून सांगितलं आहे. कपाचं कधी सांगितलं नाही.

गेंटचंही तसंच. बेल्जियममधल्या त्या जुन्या शहरात मी शिकले, आणि त्या एका गोष्टीवर आमच्या भागात माझं बरंच चाललं. कॉलेजच्या कार्यक्रमांत मला बोलावतात, मी कालव्यांचं पाणी सांगते, शेजारी शेजारी उभे असलेले तीन मनोरे सांगते, दर पाव तासाला गाणं वाजवणाऱ्या घंटा सांगते. मुली टाळ्या वाजवतात. माझ्या त्या गोष्टीत पहिल्या दिवसापासून मी एकटीच असते. खरं असं की मी तिथे एकटी नव्हते.

मी गेंटच्या स्टेशनवर उतरले तेव्हा करुणा राऊत फलाटावर उभी होती, हातात माझ्यासाठी आणलेला स्वेटर घेऊन. ती गिरडच्या टेकडीखालच्या एका खेड्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आजोबांनी छप्पनला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मी कुणब्याची, घरची शेती, बाबा जिनिंगमध्ये मुनीम. नागपूरला कापडाच्या तंत्राच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. ओळख होती, मैत्री म्हणावी अशी नव्हती, कारण ती पहिली यायची आणि मी तिच्या खाली कुठेतरी. तिला सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, मला तिथल्या विद्यापीठानं घेतलं, आणि ती माझ्या आठवडाभर आधी पोचली होती. मी फलाटावर तिच्याकडे बघतच राहिले, तर म्हणाली, "अव, असं काय पाहून राह्यली? मीच होय, भूत नाई. घाल हे अंगात पहिले." माझी जड बॅग तिनं घेतली आणि आपली पर्स माझ्या हातात दिली.

पहिले काही दिवस आम्ही एका तात्पुरत्या वसतिगृहात एकावर एक असलेल्या पलंगांवर काढले. खाली ती, वर मी. मला खाली भीती वाटत होती म्हणून नव्हे, वरच्या पलंगाजवळ गरम हवेची नळी होती म्हणून तिनं मला वर दिलं. थंडी तशी काही पडली नव्हती, पण वर्ध्याच्या उन्हातून गेलेल्या माणसाला सप्टेंबरातलं ते ओलं आभाळही पुरेसं होतं. ती रोज सकाळी माझ्यासाठी पाव आणायची, तो इतका कडक असायचा की आम्ही तो चहात बुडवून खायचो. खोलीत शिजवायला मनाई होती. तिनं घरून छोटा कुकर आणला होता. विजेच्या शेगडीवर त्यात खिचडी लावायची आणि शिटी यायची वेळ झाली की चमच्यानं शिटी अलगद उचलून धरायची, आवाज होऊ नये म्हणून. "सासुरवाशिणीसारखं रांधून राह्यलो आपन," ती म्हणायची. वर तिच्या आईनं दिलेलं जवसाचं तिखट. मी ते जेवण जेवले, रोज दोनदा जेवले, आणि जेवताना मला घरचा कप कधीही आठवला नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. तिथे दुसरं कोणी बघणारं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

घरी फोन करायला आम्ही एका दुकानात जायचो, तिथे लाकडी फळ्यांच्या खोल्या होत्या. एकदा दोघी एकाच खोलीत शिरलो. आई पलीकडून ओरडूनच बोलायची. "एकटीच हायेस का व?" मी म्हटलं, नाही, करुणा राऊत आहे सोबत. "राऊत? कोन्ते राऊत?" करुणा माझ्या खांद्याशी उभी होती. मी म्हटलं, "आपलेच." आईचा आवाज एकदम सैल झाला. "मंग बरं हाये. तिच्या हातचं खाजो बिनधास्त." बाहेर आल्यावर करुणा पोट धरून हसायला लागली. "काऊन खोटं बोलली व?"

"नाई तर आईले झोप येत नाई."

"तुह्या आईले झोप याव म्हनून मी कुनबी झाली? वा! आजा उठून येईन माहा." आणि मग हसू थांबल्यावर सरळ म्हणाली, "मी काही लपवून राह्यली नाई हां. कोनी विचारलं तर सांगतो. पन विचारतच नाई ना कोनी. आडनाव विचारते अन् चूप बसते."

तिथला नियम असा होता की शिकायला आलेल्या परक्या माणसानं राहायचा कायमचा पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा. मग त्या भागाचा पोलीस एखाद्या दिवशी न सांगता येतो, दाराच्या घंटीपाशी तुमच्या नावाची चिठ्ठी आहे का बघतो, घंटी वाजवतो आणि तुम्ही खरोखर तिथे राहता का ते विचारतो. तो हो म्हणाला की राहण्याचा कागद मिळतो. वसतिगृहाचा पत्ता चालत नव्हता. खोल्या सगळ्या उन्हाळ्यातच गेलेल्या. घरमालक म्हणायचे आधी कागद दाखवा, नगरपालिका म्हणायची आधी खोली दाखवा. आम्ही दोघी वर्गात बसायचो आणि वर्ग सुटला की घंटीपाशी चिठ्ठी नसलेली दारं शोधत फिरायचो. वर्गातही ती पुढे आणि मी मागेच होते. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी कापसाचा एक पेळू हातात दिला आणि विचारलं, हा कुठला असेल? मी बोलायला तोंड उघडेपर्यंत करुणानं तो चिमटीत ओढून तंतूची लांबी सांगितली, पीक कसल्या जमिनीतलं असेल तेही सांगितलं. मी सिंदीची, कापसात जन्मलेली, बाप जिनिंगमध्ये. मला ते लागलं. मी हसून तिच्या पाठीवर थाप मारली आणि मला ते लागलं.

बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून आमचं मराठी बोलणं ऐकून एक बाई मागे वळल्या. त्या नलूकाकू. माहेर हिंगणघाटचं, नवरा कुठल्याशा प्रयोगशाळेत, कितीतरी वर्षं गेंटमध्ये. त्यांचं घर अरुंद आणि उंच होतं, एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखं, आणि सगळ्यात वर उतरत्या छपराखाली एक खोली रिकामी होती. काकू बोलायच्या अगदी पुस्तकातल्यासारखं, वऱ्हाडी शब्द तोंडून निघाला तर स्वतःच दुरुस्त करायच्या. त्यांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. करुणानं उठून भांडी घासली, काकांशी त्यांच्या कामाबद्दल बोलली, शेजारच्या म्हाताऱ्या बाईशी तिथल्या भाषेतले चार शब्द बोलली. निघताना काकू म्हणाल्या, "खोली एकच आहे, काय करू? पण ही मुलगी घरात शोभेल मला." आणि करुणाचा गाल धरला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझंही होईल हं कुठेतरी." करुणानं तिथल्या तिथे मोठ्या अक्षरांत आपलं नाव एका चिठ्ठीवर लिहिलं, काकूंनी ती घंटीजवळच्या खाचेत सरकवली, आणि करुणा त्याच दुपारी नगरपालिकेत जाऊन पत्ता देऊन आली. तिची पेटी आम्ही दोघींनी मिळून त्या उभ्या जिन्यानं वर चढवली. मी खालून ढकलत होते. तिचा तोल गेला असता तर पेटी माझ्यावरच आली असती, आणि वर चढताना माझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही नीट आठवतं. ही जिंकली, एवढंच.

दोन-चार दिवसांत महालक्ष्म्या होत्या. आमच्या विदर्भात त्या गौरींचं केवढं असतं ते सांगायला नको. काकूंकडे दोन पितळी मुखवटे होते, माहेरून आणलेले. एक गौर कपडे वाळवायच्या स्टँडवर उभी केली होती, दुसरी इस्त्रीच्या टेबलावर, आणि लुगडी नेसवल्यावर कोणाला कळलं नसतं. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भारतातून पेटीत आलं होतं. करुणा आधीच म्हणाली होती, "मी हात जोडनार नाई हां. काम करीन, जेवीन." मी म्हटलं, तुला कोण जोडायला लावतंय? आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी काकूंच्या मदतीला लागलो. करुणानं पुरण वाटलं. यंत्र बोथट होतं, ती उभी राहून, दोन्ही हातांनी दांडा फिरवून वाटत होती, आणि काकू म्हणत होत्या, "हात पाहा हिचा! सासू भाग्याची हिची." वाटून झालं, तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दूध संपलं होतं म्हणून ते आणायला बाहेर गेली.

दार बंद झालं. काकू फुलोऱ्याच्या करंज्या लाटत होत्या. लाटणं तसंच फिरत राहिलं आणि त्या एकदम वेगळ्याच आवाजात बोलल्या, माझ्या आईच्या बोलीत. "ज्योती, एक विचारू का व? हे राऊत कोन्ते?"

माझ्यापाशी उत्तर तयार होतं. मी ते आठवड्यापूर्वीच वापरलं होतं. 'आपलेच' म्हटलं असतं तर काकूंचाही आवाज आईसारखाच सैल झाला असता. 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'तिलाच विचारा' म्हणता आलं असतं, तिनं मान वर करून सांगितलं असतं, आणि मग जे व्हायचं ते तिच्यासमोर झालं असतं. मी करंजीची कड मुरडत होते. ती पूर्ण मुरडून झाल्यावर, ताटात ठेवून, मी म्हटलं, "त्यांच्याकडे महालक्ष्म्या नसतात, काकू."

लाटणं थांबलं. "नसतात म्हंजे? कुळाचार नाई का?"

"आजोबांनी सोडलं सगळं. नागपूरले."

काकूंनी हात धुतले, पुसले. पुरणाचं पातेलं उचललं, मागच्या दारातल्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात उलथं केलं, चमच्यानं खरवडून काढलं आणि पातेलं अंगणातल्या नळाखाली पालथं घातलं. राग नव्हता, घाई नव्हती. दूध उतू गेल्यावर बाई ओटा पुसते तसं सगळं. आत येऊन म्हणाल्या, "डाळ शिजत लाव बरं. स्वच्छ धुऊन घे. अन् तिले काही सांगू नको, मनाले लागंल पोरीच्या." मी डाळ धुतली. तीन पाण्यांनी धुतली, काकू बघत होत्या म्हणून. करुणा दूध घेऊन आली तेव्हा काकूंनी तिच्या हातातली बाटली घेतली, ओट्यावर ठेवली आणि पुन्हा पुस्तकातल्या मराठीत म्हणाल्या, "दमलीस ग, जा आता, आराम कर. ज्योती आहे मला." करुणा मला म्हणाली, "हात भरून आले व माहे," आणि खुशीत वर आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवायला पुष्कळ माणसं होती, शेजारची म्हातारी बाईही आपलं कुत्रं बाहेर बांधून आली होती. तिला काकूंनी हळदीकुंकू लावलं, तिची ओटी भरली, मुखवट्यांच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढला. ती काय खाते, काय पिते हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. करुणा दारापाशी उभी होती, हात न जोडता, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू ठेवून. काकू तिला म्हणाल्या, "करुणा, तुझं इंग्रजी फार छान, तू या गोऱ्या मंडळींजवळ बाहेरच्या खोलीत बस, त्यांना सांग काय काय आहे ते." तिनं सांगितलं. सोळा भाज्यांची नावं सांगितली, कढीत काय असतं ते सांगितलं. मी पोळ्या वाढत फिरत होते. तिच्यापाशी आले तर तिनं घास तोडला आणि हळूच मला विचारलं, "पुरन कसं झालं व माहं?"

"मस्त," मी म्हटलं.

"मऊ झालं ना?"

"एकदम मऊ." आणि मी तिला आणखी एक वाढली.

लिहिताना मी इथे बराच वेळ थांबले. नंतर जे केलं ते मोठं होतं, पण त्याला मी निदान भीतीचं नाव देऊ शकते. त्या पोळीला कसलंच नाव देता येत नाही. तिला वाढताना मला मजा आली होती. एक गोष्ट मला माहीत होती आणि तिला नव्हती. पेळूचं उत्तर तिला येत होतं, हे मला येत होतं.

दोन दिवसांनी काकूंनी करुणाला बोलावून सांगितलं की ज्योतीच्या आईची आणि आमची माहेरकडून ओळख निघाली, आता घरच्या मुलीला नाही कसं म्हणणार, तू हुशार आहेस, तुला कुठेही मिळेल. माझ्या आईचं आणि काकूंचं कधीही बोलणं झालेलं नव्हतं. करुणा माझ्याकडे बघून म्हणाली, "असं होय." तिला ते पटलं का, मला आजवर कळलेलं नाही. काकूंनी मला चिठ्ठी लिहायला लावली. मी माझं नाव लिहून खाचेत सरकवलं, तिच्या नावाच्या पुढे. तिची चिठ्ठी मागे तशीच राहिली. ती काढायला हात गेला नाही, म्हणजे वाईट वाटलं असं नाही, खाच अरुंद होती.

त्या संध्याकाळी करुणा मला वर सोडायला आली. छपराच्या खिडकीतून मनोऱ्यांचे शेंडे दिसत होते. तिनं पेटीतून गोधडी काढली, तिच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली, आणि माझ्या पलंगावर टाकली. "हे घे. इथं वर लय थंडी वाजंल तुले. मी आता कोनाच्याही खोलीत जमिनीवर झोपतो, तिथं गरमच असते." मग पेटीवर बसली. "ज्योती, एक काम करजो. माही पेटी इथंच राहू दे. पोलीस आला अन् तू घरी असली तर सांगजो, राहते म्हनून. पेटी दाखवजो पाहिजे तर. मी खोली शोधून राह्यलीच हो, भेटली का पत्ता बदलून घेईन. पन एकदा तो कागद हातात आला पाहिजे, नाई तर शिष्यवृत्तीवाले वापस बोलावते. एवढं करशीन?"

"काय विचारतं व? सांगीन ना," मी म्हटलं.

"काकूले नको सांगू."

"नाई सांगत."

पोलीस आला तो एका सकाळी, बारीक पाऊस होता. मी गोधडी खांद्यावर घेऊनच खाली उतरले. दारात उभा होता तो माणूस आमच्या पोस्टमनसारखा दिसत होता, सायकल भिंतीला टेकवलेली, चेहरा भला. त्यानं माझं नाव वाचलं, पारपत्र बघितलं, मी राहते का विचारलं, मी हो म्हटलं, काम झालं. मग त्यानं खिशातला कागद बघून "राऊत" हे नाव उच्चारलं, इतकं वाकडं की न कळल्याचं सोंगही करता आलं असतं. बाई राहतात का इथे? घरात दुसरं कोणी नव्हतं. वर पेटी होती, अंगावर तिच्या आईची गोधडी होती. मी म्हटलं, "नाही. इथे मी राहते."

त्याची खात्री झाली नसावी. त्यानं खाचेतली माझी चिठ्ठी नखानं थोडी ओढली आणि मागची चिठ्ठी दिसली. "आणि ही?" त्यानं मला दुसऱ्यांदा विचारलं. माणसाला सहसा दुसऱ्यांदा विचारत नाहीत, मला विचारलं. मी म्हटलं, "ती इथे राहत नाही." तो आभार मानून गेला. मी मागची चिठ्ठी काढून घेतली. दार लावताना मनोऱ्यावरच्या घंटांनी त्यांचं ते गाणं वाजवलं, आणि मी वर जाऊन अभ्यास केला. चांगला झाला अभ्यास.

काकू मला हाकलतील अशी भीती होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. भीती होती, खोटं नाही. पण पोलिसाला हो म्हटलं असतं तर ते काकूंना कळण्याचा मार्ग नव्हता, आणि हे मला त्या दारात उभं असतानाही माहीत होतं. मला ती तिथे नको होती. वर्गात नको होती, माझ्या पुढे नको होती, माझ्यावर केलेल्या उपकारांसकट नको होती. आमच्या घरी त्या कपातून पिणारे लोक आपला कप आपण विसळून ठेवत, वर कधी बघत नसत. ही बघत होती, आणि वर मला स्वेटर देत होती.

काही दिवसांनी करुणा नगरपालिकेतून आली. पत्त्यावर राहत नाही असा शेरा पडला होता, अर्ज बंद. नवा पत्ता, नवा अर्ज, आणि तोवर मुदत संपत आलेली. चेहरा उतरलेला होता, पण आवाज शांत. "काकूनं नाई म्हनलं वाटते त्याले." ती म्हणाली, "तू काही बोलू नको हां काकूले. भांडू गिंडू नको. तुही पन खोली जाईन." पेटी आम्ही दोघींनी खाली उतरवली. या वेळी मी वर होते आणि ती खाली. गोधडी परत घ्यायला ती विसरली, किंवा विसरली नसेल. तिनं आणखी काही आठवडे दारं वाजवली, मी तिच्याबरोबर दोन-तीनदा गेलेही. झाडांची पानं पुरती गळायच्या आत ती परत गेली. सरकारनं तिला पुन्हा पाठवलं नाही. स्टेशनवर सोडायला मी एकटीच होते, आणि बॅग उचलून देताना मला रडू आलं. ते खरं होतं. तिनंच माझे डोळे पुसले.

मी शिकले, परतले, नागपूरच्या कॉलेजात शिकवायला लागले. नलूकाकू काही वर्षांपूर्वी गेंटमध्येच वारल्या, तेव्हा मी त्यांच्या मुलाला लांबलचक निरोप पाठवला. आणि यंदा वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. पत्राखाली सही होती, मुख्याध्यापिका, क. राऊत. नाही म्हणता आलं असतं. मी गेले, कारण न जाण्याचं कारण कोणीतरी विचारलं असतं. करुणा आता जाड झाली आहे, केस पांढरे, चष्मा. तिनं मुलींसमोर माझी ओळख करून दिली. म्हणाली, ही माझी मैत्रीण, आपल्या सिंदीची, गेंटला शिकून आली. आपण स्वतः तिथे गेलो होतो हे बोलली नाही. मी कालवे सांगितले, घंटा सांगितल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्यात तीही होती.

नंतर ती मला तिच्या खोलीत घेऊन गेली. शिपाईबाईनं चहा आणला, पांढऱ्या कपात. दार लोटून घेतल्यावर करुणाची बोली परत आली. इकडचं तिकडचं झालं, तिच्या मुलीचं, माझ्या गुडघ्यांचं. मग चष्मा काढून पुसत म्हणाली, "एक विचारू का व? लय वर्षं झाले, आता काही नाई त्याचं. त्या पोलिसाले काकूनंच सांगितलं असंल ना, मी राहत नाई म्हनून?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, काच पुसत होती. तिला काही माहीत असेल असं मला वाटलं नाही, आणि असेल असंही वाटलं.

"हो ग," मी म्हटलं. "काकूंनीच."

"वाटलंच होतं मले." तिनं चष्मा घातला. "जाऊ दे. मेलेल्या बाईले काय बोलाव. चहा घे व, थंडा होऊन राह्यला."

मी चहा प्याले. कप उचलून विसळायला बघत होते, नळ कुठे आहे ते शोधत होते, तर ती म्हणाली, "राहू दे ना, काय करतं?" मी तो बशीत तसाच ठेवला आणि निघाले. ती फाटकापर्यंत सोडायला आली, ऑटोवाल्याला माझ्यासाठी स्टँडचा रस्ता तिनंच समजावला.

करुणा, त्या सकाळी काकू घरात नव्हत्या.